प्रत्येक वचन दोनदा

नोंद राहावी म्हणून घटना प्रथम लिहितो. दिनांक ११ ऑक्टोबर, शनिवार. आपल्या मंडळीने चालवलेल्या वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर, दाराजवळच्या खोलीत, छताला बसवलेल्या ध्वनिवर्धकातून निजण्यापूर्वीचे शास्त्रवाचन सुरू झाले. ते कानी पडताच माझी आई पलंगावरून उठली, उशाशी ठेवलेली कापडी पिशवी तिने काखोटीला मारली आणि आपली गाडी लागली अशा समजुतीने ती खोलीबाहेर पडली. मधल्या बोळाच्या टोकाला अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यांवरून ती पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. त्या वेळी ध्वनिवर्धकातला आवाज देव आपल्या लोकांचे पाऊल कसे घसरू देत नाही हे सांगत होता, आणि तो अर्थातच थांबला नाही.

व्यवस्थापकांनी या प्रकाराला दुर्दैव म्हटले. मला तो शब्द मान्य नाही. दुर्दैवाची आगाऊ सूचना मिळत नसते. व्यवस्थापकांना ती मिळाली होती, तीही तोंडावर आणि स्पष्ट शब्दांत. ज्या बाईंनी ती दिली, त्यांच्याविषयी मंडळीच्या या मासिकात आजवर एक ओळही छापून आलेली नाही. ती उणीव मी भरून काढतो.

आश्रमात सगळे त्यांना फलाटबाई म्हणतात आणि त्यांना ते आवडते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी एका मोठ्या बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. फलाटांच्या वर, जिन्याच्या डोक्यावर, काचेची एक खोली होती. तीत एक मेज, एक खुर्ची, एक माइक आणि बाई. कोणती गाडी कोठे लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचे मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभे आहे, हे त्या खाली पाहून सांगत. प्रत्येक घोषणा दोनदा करावी हा खात्याचा नियम होता. दोहोंच्या मध्ये जरा थांबावे, हा बाईंचा स्वतःचा. मी पुढे कधीतरी त्यांच्या या द्विरुक्तीविषयी नापसंती दर्शवली तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्या खेपेला माणूस नुसती पिशवी उचलतो, सर. ऐकतो तो दुसऱ्या खेपेला."

पाळी संपवून त्या घरी जात, पण गाड्या डोक्यातून जात नसत. डोळे मिटले की गावांची नावे रांगेने उभी राहत. त्यांचे यजमान त्याच स्थानकाच्या आगारात मेकॅनिक होते. इंजिनांच्या सान्निध्यात त्यांचा एक कान कायमचा निकामी झाला होता. तेही अखेर वैतागले. "अगं, झोपेत पण गाड्या सोडतेस. बोलायचंच असेल तर काहीतरी चांगलं बोल." बाई मुळात हट्टी. त्यांनी उठून कपाटातले पवित्र शास्त्र काढले, यजमानांच्या शाबूत कानाच्या बाजूला खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. सवयीप्रमाणे प्रत्येक वचन दोनदा. अध्याय संपण्याआधीच यजमान घोरू लागले. बाईंना तो अपमान वाटला. सकाळी त्यांनी जाब विचारला, तर उत्तर मिळाले, "इतकी झोप मला लग्नाच्या आधी लागायची."

तेव्हापासून हे वाचन चुकले नाही. नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले तरी चुकले नाही. भांडणाच्या दिवशी बाई निकाम्या कानाच्या बाजूला बसत, इतकाच फरक.

मग खात्याने यंत्र आणले. अधिकाऱ्यांनी बाईंना एका बंद खोलीत बसवून सगळ्या गावांची नावे, सगळे आकडे, 'येईल', 'सुटेल', 'उशिरा' असे सुटे सुटे शब्द त्यांच्याकडून वदवून घेतले. त्यांच्या आवाजाची फार तारीफ झाली. ते सुटे शब्द यंत्राने हवे तसे जोडले आणि बाईंची गरज संपली. निरोप म्हणून त्यांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. काही दिवसांनी त्या बहिणीकडे जायला त्याच स्थानकावर गेल्या, तेव्हा एका गाडीची घोषणा झाली, त्यांच्याच आवाजात, आणि गाडी तर केव्हाच सुटली होती. हातात लेकरू घेऊन एक बाई रिकाम्या फलाटाकडे धावत सुटली. फलाटबाई ही गोष्ट सांगताना अजूनही आवाज खाली आणतात. "माझा आवाज खोटं बोलत होता, सर. आणि मी तिथेच उभी होते, तोंड मिटून."

पुढे यजमान गेले. ऐकणारा कोणी नसताना वाचणे बाईंना जमेना. वर्षभर शास्त्र कपाटात राहिले आणि झोपही त्याच्याबरोबरच कपाटात गेली असावी. मुलगा परगावी, सून मनाने चांगली, ती म्हणाली, "आई, आमच्याकडे या." बाईंनी विचारले, "संध्याकाळी वाचलेलं ऐकाल का?" सून खरे बोलणारी निघाली. ती म्हणाली, "आम्ही घरी येतो तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल." त्यावर बाईंनी स्वतः चौकशी करून आपल्या आश्रमात जागा मिळवली. येथे येणारी बहुतेक माणसे कोणीतरी आणून सोडलेली असतात. मी माझ्या आईला आणून सोडले आहे आणि त्याची कारणे देण्याचे हे स्थळ नव्हे. फलाटबाई स्वतःच्या पायांनी, ऐकणारी माणसे शोधत आल्या.

त्यांना मिळालेल्या खोलीत दोघी होत्या. एक शिवणमावशी. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवल्याने झोपेतही त्यांचा हात टाके घालतो. दुसरी माझी आई. दिवसभर ती बरी असते. सांज झाली की मात्र तिला घरी जायचे असते. कोणत्या घरी, हे तिला सांगता येत नाही. ती पिशवी भरते: एक साडी, कंगवा, चष्म्याचे रिकामे घर. मग दाराकडे पाहत बसते. मी तिला अनेकदा समजावले की आई, हेच आता घर. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत असे, की जणू मी स्थानकावरचा कोणी भामटा आहे आणि तिच्या पिशवीवर माझा डोळा आहे. परिचारिकांनी झोपेची गोळी सुरू केली. गोळीने ती झोपत नसे, नुसती ओली होऊन पडून राहत असे.

फलाटबाई आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी मी तेथे होतो. आई पिशवी घेऊन उठली. बाईंनी जागचे न हलता, वरच्या काचेच्या खोलीतून सांगावे तसे सांगितले, "ताई, तुमची गाडी सकाळी आहे." आणि थोडे थांबून, "तुमची गाडी सकाळी आहे."

आई थबकली. "नक्की?"

"मी फलाटावर होते, मला नाही माहीत? तोवर बसा. मी वाचते."

आई बसली. मी दारात उभा राहून या असत्यभाषणाबद्दल मनात हरकत नोंदवत होतो. बाईंनी खुर्ची तिन्ही पलंगांच्या मधोमध ओढली आणि मेंढपाळाचे स्तोत्र काढले. पहिल्यांदा वाचन जरा मोठ्याने, दुसऱ्यांदा हळू, आणि मध्ये खालच्या गर्दीकडे पाहावे तशी दोघींवर नजर. आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग चप्पल काढली. मग आडवी झाली. गोळी त्याच आठवड्यात बंद झाली, आणि डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा परिचारिकेने हात वर केले.

त्या वाचनाला एक रीत होती. बाई अध्याय पुरा करीत नसत. खोलीतले सगळे श्वास सारखे झाले, शिवणमावशींचा हात थांबला, की जेथे असतील तेथे पुस्तक मिटायचे. दुसऱ्या दिवशी कोठून सुरू करायचे यावर मग वाद.

"आपण पुरात होतो, बाई," शिवणमावशी म्हणत.

"पूर कधीच ओसरला. तुम्ही पुरात झोपलात, मी कोरड्या जमिनीवर आले."

"म्हणजे मला बुडवून गेलात की."

वंशावळीसुद्धा त्या गाळत नसत. मी सुचवले होते की झोपताना शांतवणारी वचनेच निवडावीत. त्या म्हणाल्या, "अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, यापेक्षा शांत काय आहे? कुणी भांडत नाही, कुणी मरत नाही. नुसती पोरं होताहेत." शिवणमावशी चादरीतून म्हणाल्या, "ह्यांच्या घराण्यात मुली होतच नव्हत्या का हो?" माझी आई, जिला स्वतःच्या मुलाचे नाव आठवायला वेळ लागतो, ती हसली. ते हसू मी किती दिवसांनी पाहिले, हे सांगण्याचे मी टाळतो.

ही गोष्ट इतर खोल्यांत पसरली. साहजिकच त्यांनाही ते हवेसे झाले. येथे व्यवस्थापकांचा प्रवेश होतो. ते सौम्य आणि नीटनेटके गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणे कठीण जाते. ते बाईंकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज रेकॉर्ड करू या. एकदाच वाचा, सगळ्या खोल्यांत ऐकवता येईल. तुम्हालाही रोजचा त्रास नको."

"त्रास कुणी सांगितला तुम्हाला?"

"तसं नाही, पण एका खोलीला मिळतं ते सगळ्यांना का मिळू नये?"

"मिळावं की. सगळ्या खोल्यांना माणसं द्या."

"माणसं कुठून आणू मी?"

"ते मला काय विचारता? आवाज मी एकदा दिलाय. परत नाही देणार."

मी तेथे होतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या वेळी मला बाईंचाच राग आला. हा अहंकार आहे असे मला वाटले. त्यात अहंकार थोडा असेलही. परंतु व्यवस्थापकांनी नकाराचे कारण विचारलेच नाही. त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी, संगीताच्या साथीने वाचलेला तयार आवाज आणला, मंडळीच्या देणगीतून खोल्याखोल्यांत ध्वनिवर्धक बसवले आणि त्याच्याशी गोंधळ नको म्हणून निजण्याच्या वेळी खोलीत मोठ्याने वाचण्यास मनाई केली. शास्त्र वाचण्यासाठी शास्त्र वाचण्यास बंदी, असा हा ठराव आपल्या पंचमंडळाने एकमताने संमत केला. ठरावावर प्रार्थनाही झाली.

बाई स्वतः व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेल्या. मी बरोबर होतो, म्हणून शब्द जसेच्या तसे देतो. "बाकी कुठे लावायचा तिथे लावा भोंगा. आमच्या खोलीत नको. ताई स्टँडवर आहेत असं समजतात. वरून आवाज आला की उठणार त्या."

व्यवस्थापक हसले. "शास्त्राचा आवाज आहे हो, गाडीचा नाही."

"त्यांना काय कळतंय ते? वरून येतो ना? वरून येतो तो गाडीचाच."

"बाई, तुमचा विरोध मला समजतो," ते म्हणाले, आणि त्यांना तो समजला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी काय घडले ते या लेखाच्या आरंभी दिले आहे. फलाटबाई त्या वेळी जेवणघरात होत्या. नवीन व्यवस्थेचा पहिला दिवस म्हणून सर्व धडधाकट मंडळींना तेथे आभारप्रदर्शनासाठी बसवून ठेवले होते.

चौकशी झाली. तिचा निष्कर्ष मी तीनदा ऐकला, तरी खरा वाटला नाही. पंचांचे म्हणणे असे, की 'गाडी सकाळी आहे' हे बोलून फलाटबाईंनीच रुग्णाच्या भ्रमाला खतपाणी घातले. बाई नसत्या तर आई ध्वनिवर्धकाला गाडी समजली नसती. सबब बाईंना वरच्या मजल्यावर हलवावे. मी उभा राहून विचारले, की माझी आई बाई येण्यापूर्वी वर्षभर रोज पिशवी भरत होती, ते खतपाणी कोणाचे? प्रमुख पंच म्हणाले, "सर, तुम्ही प्रत्येक गोष्ट फार लावून धरता." हे खरे आहे. जी सोडली तर कोणी उचलणार नाही, ती लावूनच धरावी लागते.

बाईंचा पलंग वर गेला. जाताना त्या एका शब्दाने भांडल्या नाहीत, म्हणून व्यवस्थापकांना वाटले की प्रकरण मिटले. दुसऱ्या संध्याकाळी जेवण आटोपले आणि जिन्यावर चपलांचा आवाज आला. बाईंचे गुडघे गेलेले आहेत. एक पायरी, मग कठड्याला धरून उभे राहणे, मग दुसरी. अर्ध्या जिन्यात टेकायला त्या बसल्या, तेव्हा परिचारिकेने अडवले.

"बाई, वर जा हो. मला बोलणी बसतील."

"बसू देत. मला पायऱ्या बसताहेत त्या दिसत नाहीत तुला?"

"उद्या येऊ नका मग."

"उद्याचं उद्या. आज अध्याय अर्धा राहिलाय."

ती मुलगी बाजूला झाली. इतकेच नव्हे, तर तिने दंडाला धरून बाईंना खाली आणले. तेव्हापासून हे रोज चालू आहे. रोज कोणीतरी मनाई करते आणि रोज बाई खाली येतात.

वाचन मात्र लगेच सुरू करता येत नाही. छतातला आवाज आधी चालू असतो आणि त्याला मध्येच बंद करण्याची सोय खोलीत ठेवलेली नाही. तो चालू आहे तोवर आई बांधलेला हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने पिशवी चाचपत उठायला पाहते, आणि बाई तिचा खांदा धरून सांगत राहतात, "ती आपली गाडी नाही, ताई. ती आपली गाडी नाही." वरून संगीतासह देवाचे वचन, खाली हे. एकदा बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, शास्त्र चालू असताना 'ते आपलं नाही' असं म्हणायला लागतं मला. रोज. हे पाप कुणाच्या नावावर मांडायचं ते तुमच्या पंचांना विचारा." मी विचारले. उत्तर आलेले नाही.

आवाज बंद होतो, मग बाई खुर्ची ओढतात. प्रत्येक वचन दोनदा. आई पिशवी खाली ठेवते, चप्पल काढते, आडवी होते. शिवणमावशींचा हात थांबतो. बाई शास्त्र मिटतात आणि पुन्हा जिना.

यात एक अडचण निघाली. वरच्या खोलीत बाईंच्या नव्या सोबतिणींनाही वाचन हवे झाले, आणि एक माणूस एकाच वेळी दोन मजल्यांवर असू शकत नाही. बाईंनी त्यावर विचारविनिमय वगैरे केला नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही रोज येऊन नुसते दारात उभे राहता आणि चुका काढता. वर जाऊन वाचा."

"मी उपासनेलासुद्धा नियमित येत नाही, बाई."

"त्यांना झोप हवीय, तुमची हजेरी नकोय."

मी वर गेलो. शास्त्र उघडले आणि माझ्या परीने शुद्ध, स्वच्छ, विरामचिन्हांसह वाचले. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आजी काही वेळ ऐकून म्हणाल्या, "बाळा, कोर्टाची नोटीस आली आहे का रे?" दुसरीने पुस्ती जोडली, "तारीख कधीची पडली तेवढं सांग, म्हणजे झोपते." मी संतापून तेच वचन पुन्हा वाचले, आणि संतापात माणूस जसा दात आवळून सावकाश बोलतो तसे वाचले गेले. खोली शांत झाली. तेव्हापासून मी रोज वर वाचतो. चांगले वाचतो असा माझा दावा नाही. ऐकणाऱ्या झोपतात, माझ्या वर्गातही हेच घडत आले आहे, फक्त येथे त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

व्यवस्थापकांनी काल मला कळवले की हा नियमभंग यापुढे चालवून घेतला जाणार नाही आणि येत्या रविवारी उपासनेनंतरच्या सभेत बाईंना आश्रम सोडण्यास सांगावे असा ठराव येईल. मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्या चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "रविवारी ना? मग शनिवारपर्यंत राजांचा भाग संपवू. मधेच सोडला तर मावशी मला सोडायच्या नाहीत." आणि कठड्याला धरून त्या वर निघाल्या.

आता वाचकहो, तुमच्याशी. तुम्ही या मंडळीचे सभासद आहात. त्या ठरावावर हात तुमचा वर होणार किंवा होणार नाही. तो होऊ देऊ नका. तळमजल्यावरच्या त्या खोलीतला ध्वनिवर्धक काढायला लावा आणि फलाटबाईंचा पलंग त्याच खोलीत, होता त्या जागी परत आणायला लावा. एवढ्याने मात्र तुमची सुटका नाही. माणसे कोठून आणायची, असे व्यवस्थापकांनी विचारले होते. ती माणसे तुम्ही आहात. बाकीच्या खोल्या अजून छताकडे पाहत झोपतात. सोमवारी संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, आश्रमात या. एक खोली निवडा, खुर्ची पलंगाजवळ ओढा, शास्त्र उघडा आणि वाचा. प्रत्येक वचन दोनदा.